टाचेंतील रक्तबिंदु

१९३४ सालीं नॉर्वेची राजधानी ओस्लो येथें एका मातेनें आपलीं दोन मतिमंद मुलें डॉ. आस्ब्यर्न फ्यॉलिंग यांस दाखविलीं. मुलांच्या मूत्रास चमत्कारिक वास येई, एवढें एकच चिन्ह तिनें धरून ठेविलें होतें. आणि तेंच खरें ठरलें. मूत्रांत फेरिक क्लोराइड घालतांच तें हिरवें झालें. प्रथिनांतील फेनिलअ‍ॅलनिन नांवाच्या द्रव्याचें या मुलांच्या शरीरांत योग्य रूपांतर होत नाहीं, तें रक्तांत सांचतें व वाढत्या मेंदूस ग्रासतें, हें पुढें हळूहळू उलगडलें.

१९५३ सालीं बर्मिंगहॅम येथील हॉर्स्ट बिकेल व त्यांचे सहकारी यांनीं, हें द्रव्य अत्यल्प असलेल्या आहारानें एक बालिका सुधारल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु एकदां गेलेली बुद्धि परत येईना. रोग ओळखावयाचा तो जन्मानंतर थोडक्याच दिवसांत. आणि त्या वयांत मूत्रपरीक्षा फसविते.

मार्ग काढला तो अमेरिकेंतील बफेलोच्या रॉबर्ट गथ्री यांनीं. त्यांचा स्वतःचा मुलगाही मतिमंद होता. टाच टोंचून काढलेला रक्तबिंदु टिपकागदावर वाळवून त्याची चकती ते जंतूंच्या ताटलींत ठेवीत. ताटलींत जंतूंची वाढ रोखणारें औषध असे. रक्तांत फेनिलअ‍ॅलनिन विपुल असेल तरच तो अडसर मोडून चकतीभोंवतीं जंतूंचें वलय उमटे. १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यानें ही परीक्षा सक्तीची केली.

खरी अडचण येथूनच सुरू झाली. निरोगी अर्भकाच्या रक्तांत हें प्रमाण शंभर घनसेंटिमीटरांस सुमारें १ ते २ मिलिग्रॅम. उपचार न झालेल्या पक्क्या रोग्यांत २० हून अधिक. मधल्यांचें काय? पुष्कळ ठिकाणीं ४ मिलिग्रॅमवर रेषा ओढली गेली. रेषा वर सरकवावी तर रोगी निसटे, खालीं आणावी तर निरोगी मुलांचे आईबाप विनाकारण हवालदिल होत. शिवाय पहिल्या दिवशीं, पोटांत दूध पुरेसें गेलेलें नसतांना, रोगी मूलही निरोगी भासे. अपुऱ्या दिवसांचें मूल कांहीं काळ रोगी भासे.

बरें, हें द्रव्य म्हणजे केवळ विष नव्हे. त्यावांचून वाढच खुंटते. आरंभींच्या वर्षांत अतिरेकी पथ्य कांहीं बालकांच्या जिवावर बेतलें. म्हणून एका थेंबावर निकाल न देतां रक्त पुन्हां तपासण्याची रीत पडली. आणि पथ्यावर असलेल्या बालकाचें रक्तही वरचेवर तपासून प्रमाण साधारण २ ते ६ मिलिग्रॅमच्या दरम्यान राखूं लागले.