खोडदची शांतता आणि संगणकाचा पंखा

ओतूरच्या दक्षिणेस, जुन्नर तालुक्यातच, खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण उभी राहिली. ही जागा निवडण्यामागे एक कारण होते येथील रेडिओ-शांतता. दुर्बिणीच्या लेखी संगणकाचा गोंगाट म्हणजे त्यातून निसटणारे रेडिओतरंग. धातूच्या कवचात ते कोंडता येतात. पोळ्यासारख्या जाळीतून हवा जाते, तरंग अडतात. कानांना छळणारा पंख्याचा आवाज मात्र हवेबरोबरच बाहेर येतो.

त्यावर द्रवाचा उपाय जुना आहे. 1985 च्या क्रे-2 महासंगणकाची सर्किटेच द्रवात बुडवलेली होती. मेजावरच्या अ‍ॅपल पॉवर मॅक जी5 ला 2003 मध्ये नऊ पंखे होते. 2004 मध्ये त्याच्या सर्वांत वेगवान प्रतीत द्रवशीतन आले.

पण द्रव उष्णता नाहीशी करीत नाही, रेडिएटरपर्यंत वाहून नेतो; तिथे पंखा आहेच! लाभ एवढाच की रेडिएटर मोठा ठेवून पंखा संथ फिरवता येतो. वेग निम्मा केला की आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. त्यासाठी पंख्याचा वेग प्रोसेसरच्या नव्हे, द्रवाच्या तापमानाला बांधावा. प्रोसेसर क्षणात तापतो, पंखा उगाच किंचाळतो. द्रव तापायला कित्येक मिनिटे लागतात. द्रव खोलीपेक्षा थंड होत नाही, म्हणून वैशाखात ही मर्यादा थोडी वर सरकवावी. मग उरते ती पंपाची बारीक गुणगुण. तिला रबरी बैठक पुरते.