चाकोरीबाहेरची किंमत

‘एक्झॉर्बिटंट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ शब्दकोशात ‘अवाजवी, अवाच्या सव्वा’ असा मिळतो. विद्यार्थी तो पाठ करतात आणि पुढे जातात. पण हा शब्द एकदा फोडून पाहावा. लॅटिनमध्ये ‘ऑर्बिटा’ म्हणजे चाकांनी जमिनीवर उमटवलेली वाट आणि ‘एक्स’ म्हणजे बाहेर. जालन्याकडच्या काळ्या रानातून पावसाळ्यात बैलगाडी हाकली आहे, त्याला अधिक सांगायला नको. ठसलेली चाकोरी सुटली की चाक रुतलेच. तेव्हा या शब्दाचा अक्षरशः अर्थ ‘चाकोरीबाहेरचा’. गंमत अशी की, मराठीत चाकोरीबाहेरच्या माणसाचे कौतुक होते, इंग्रजीत मात्र तक्रार तेवढी उरली! ग्रहाच्या कक्षेला म्हणतात तो ‘ऑर्बिट’ याच शब्दाचा सख्खा भाऊ.

१५व्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा पैशाशी त्याचा संबंध नव्हता. कायद्याच्या नेहमीच्या नियमात न बसणाऱ्या प्रकरणाला तो लावीत. किमतीचा अर्थ मागाहून चिकटला. मूळ अर्थ ध्यानात ठेवला की एक प्रश्न मात्र सुटत नाही: किंमत चाकोरीबाहेर गेली म्हणायचे, तर मुळात चाकोरी कोणती?

या प्रश्नाचे एक मोठे प्रकरण जालन्याशी निगडित आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने बीटी कापसाच्या लागवडीला परवानगी दिली, ते पहिले वाण महिकोचेच होते. बोंडअळीला मारक ठरणाऱ्या जनुकाचे तंत्रज्ञान मोन्सँटोचे. ४५० ग्रॅमचे पाकीट १६०० रुपयांच्या पुढे गेले. त्यातला मोठा वाटा बियाण्याचा नव्हे, तर जनुक वापरू दिल्याबद्दलच्या शुल्काचा होता.

२००६ साली आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी नियंत्रण आयोगाकडे दाद मागितली. सरकारची चाकोरी होती इतर देशांतले शुल्क; तेथे ते पुष्कळच कमी होते. कंपनीची चाकोरी वेगळी: संशोधनावरचा खर्च आणि शेतकऱ्याची फवारणीत होणारी बचत. दोघांचे हिशेब आपापल्या जागी चुकीचे म्हणता येत नाहीत. मे महिन्यात आयोगाने शुल्क कमी करण्याचा अंतरिम आदेश दिला आणि आंध्रात पाकीट ७५० रुपयांवर आले. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतंत्र कायदा केला. २०१५ च्या केंद्रीय आदेशानंतर पाकिटाची कमाल किंमत दिल्लीहून ठरू लागली. २०१६ साली दोन जनुकांच्या बीटी वाणासाठी ती ८०० रुपये होती आणि तीत जनुकाचा वाटा अवघा ४९ रुपये.