विमापत्रातील युद्ध : एका यादीची वंशावळ

आरोग्य विम्याच्या विमापत्राकडे साहित्याचा अभ्यासक सहसा संहिता म्हणून पाहत नाही. तथापि शब्दसूत्रांची स्थलांतरे आणि त्यांत पडत गेलेले पाठभेद हा ज्यांच्या अभ्यासाचा विषय आहे, त्यांना या विमापत्रातील एक यादी विचार करण्याजोगी वाटेल. घोषित वा अघोषित युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कृत्ये, यादवी, बंड, क्रांती, सैनिकी किंवा बळकावलेली सत्ता, जप्ती, अटक, तसेच अण्वस्त्रांचा हल्ला यांमुळे झालेल्या इजेचा वा आजाराचा खर्च मिळणार नाही, असे ही यादी सांगते. तिची वंशावळ तपासणे आणि प्रवासात तिच्यातून काय गळाले ते पाहणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या यादीचा उगम रुग्णालयात नसून समुद्रावर आहे. लंडनच्या लॉइड्स या संस्थेने १७७९ साली प्रमाण ठरविलेल्या सागरी विमापत्रात युद्धनौका, आग, शत्रू, चाचे आणि चोर यांच्या जोडीने ‘सर्व राजे, राजपुत्र व लोक’ यांच्याकडून होणारी अटक व अडवणूक हेही धोके नोंदलेले होते. मात्र ते वगळण्यासाठी नव्हे. हे सारे धोके विमा उतरविणाऱ्यांनी आपल्या शिरावर घेतले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जप्ती, अटक व युद्धकृत्ये यांच्यापासून त्यांना मुक्त करणारे कलम सर्रास जोडले जाऊ लागले. नामांची मालिका बहुतांशी तीच राहिली. उलटले ते क्रियापद.

‘बळकावलेली सत्ता’ हा शब्दप्रयोग दुसऱ्या शाखेतून, अठराव्या शतकातील आगीच्या विम्यातून आला. १७६६ साली नॉर्विच येथील दंगलीत जमावाने माल्ट तयार करण्याची एक इमारत जाळली. विमा कंपनीने या शब्दांचा आधार घेऊन भरपाई नाकारली. १७६७ च्या निवाड्यात न्यायालयाने बहुमताने ठरविले, की महागाईने खवळलेला जमाव म्हणजे राजसत्तेविरुद्धचे बंड नव्हे. अपवादाचा अर्थ संकुचित राहिला आणि विमेदारास न्याय मिळाला.

विसाव्या शतकात आकाशातून होणाऱ्या बाँबहल्ल्यांनी हिशेबच बदलला. स्पेनमधील यादवीचा अनुभव पाहून ब्रिटिश विमा व्यवसायाने १९३७ साली जमिनीवरील मालमत्तेचा युद्धधोका न स्वीकारण्याचे ठरविले. ही पोकळी शासनाला भरावी लागली. हिंदुस्थानात १९४० साली मालासाठी आणि १९४२ साली कारखान्यांसाठी युद्धधोका विम्याचे वटहुकूम निघाले. माणसाच्या शरीराचा विचारही झाला : १९४१ साली युद्धजन्य इजांविषयी वटहुकूम आला आणि १९४३ च्या कायद्याने कामगारांना युद्धात झालेल्या इजेची भरपाई देण्याची जबाबदारी मालकांवर टाकून तिचा विमा बंधनकारक केला. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ व १९६३ च्या कायद्यांनी हीच रचना पुन्हा उभी केली. खासगी विमापत्रातील नकार आणि कायद्यातील स्वीकार हे अशा रीतीने जोडीने चालत होते.

या जोडीची कसोटी मुंबईत लागली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर दारूगोळाही होता आणि कापसाच्या गासड्याही होत्या. माल युद्धाचा होता, पण शत्रूचा हात नव्हता. मग ही आग म्हणावी की युद्ध? शासनाने त्याच वर्षी स्वतंत्र वटहुकूम काढून मालमत्तेच्या भरपाईची तरतूद केली व त्याविषयीच्या दाव्यांवर निर्बंध घातले. व्याख्येच्या वादात नागरिकास अडकवून ठेवणे परवडणारे नाही, याची ही कबुलीच होती.

अणुऊर्जेच्या बाबतीतही जोडी टिकली. भारताच्या २०१० च्या अणुहानी दायित्व कायद्याने सशस्त्र संघर्ष, यादवी वा दहशतवाद यांमुळे घडलेल्या अपघातात अणुकेंद्राच्या चालकास मुक्त केले; परंतु ते दायित्व केंद्र शासनावर ठेवले.

आरोग्य विम्यात मात्र ही जोडी फुटली. १९८६ साली सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी मेडिक्लेम योजना आणली, तिने अपवादांची जुनी परंपरा उचलली. २०२० च्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाण विमापत्राच्या इंग्रजी संहितेत तर एक लक्षणीय पाठभेद आढळतो. लॉइड्सच्या पाठात ज्या जागी ‘किंग्ज’ होते, तेथे ‘काइंड्स’ आले आहे. राजे गेले, प्रकार उरले. फरक एका अक्षराचा आहे, पण त्याने वाक्यातला कर्ता नाहीसा झाला. अटक कोण करतो, युद्ध कोणाचे, हे आता ते वाक्य सांगत नाही.

कर्ता गेला की उत्तरदायित्वही धूसर होते. सीमापार गोळीबाराच्या बळींसाठी केंद्र शासनाची साहाय्य योजना आहे. पण ती मृत्यू अथवा मोठे कायमचे अपंगत्व यांपुरती आहे. तोफगोळ्याच्या तुकड्याने जखमी होऊन, खासगी रुग्णालयात महिनाभर उपचार घेऊन बरा झालेला विमेदार या दोन संहितांच्या मधल्या फटीत राहतो. नकाराची यादी आपण वारशाने घेतली. तिच्या शेजारी जी हमी लिहिलेली असे, ती मात्र घेतली नाही. या यादीचा इतिहास वाचण्याचे प्रयोजन हेच, की ती हमी पुन्हा मागता यावी.