एका पोटकलमाची कुळकथा

आंतरराष्ट्रीय करारांतील कलमे रुक्ष असतात. त्यांचा पूर्वेतिहास ठाऊक असला तरच ती बोलू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण चौकट करारातील कलम ५.३ हे असेच एक. तंबाखूविषयक आरोग्यधोरणे या उद्योगाच्या हितसंबंधांपासून देशाच्या कायद्यानुसार सुरक्षित ठेवावीत, एवढेच ते सांगते.

हा अविश्वास आला कोठून? १९९० च्या दशकात अमेरिकेतील खटल्यांमुळे तंबाखू कंपन्यांची लक्षावधी अंतर्गत कागदपत्रे उजेडात आली. त्यांची छाननी करून थॉमस झेल्टनर यांच्या समितीने २००० साली अहवाल दिला. आरोग्य संघटनेचा निधी आटावा, तिच्या संशोधनाविषयी संशय निर्माण व्हावा, यासाठी कंपन्या वर्षानुवर्षे झटत होत्या. वरकरणी स्वतंत्र भासणारे तज्ज्ञ आणि संस्था त्यांनी कामाला लावल्या होत्या, हे त्यात साधार दाखविले होते. २००३ साली संमत झालेल्या करारात हे कलम आले, त्यामागे हा अनुभव होता. पुढे २००८ साली डरबन येथे मार्गदर्शक तत्त्वे ठरली. या उद्योगाचे हित आणि सार्वजनिक आरोग्य यांत मूलभूत, न मिटणारा विरोध आहे, हे त्यांतील पहिले तत्त्व.

भारताने २००४ मध्येच कराराला अनुसमर्थन दिले. परंतु वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापणारे चित्रमय इशारे १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचे असताना एका संसदीय समितीने ते लांबणीवर टाकण्याची शिफारस केली. तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध दाखविणारा भारतीय अभ्यासच नाही, असे समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तत्कालीन खासदार दिलीप गांधी म्हणाले. समितीचे एक सदस्य श्यामाचरण गुप्ता तर स्वतःच बिडी उद्योजक होते. वस्तुतः मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फली मेहता आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकापासून तंबाखू व मुखाचा कर्करोग यांचाच अभ्यास करीत आले होते. इशारे अखेर वर्षभराने आले.

प्रश्न मात्र एका समितीपुरता नाही. आयुर्विमा महामंडळाकडे आयटीसी या सिगारेट उत्पादक कंपनीचे मोठे भाग आहेत; सार्वजनिक विमा कंपन्यांच्या अशा गुंतवणुकीविरुद्ध २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. कलम ५.३ शासनाला कुंपण मानते. कुंपणाचाच शेतात वाटा असेल, तर राखण कोणी करायची, याचे उत्तर त्या कलमात नाही. ते आपल्या कायद्यांतच शोधावे लागेल.