पत्त्याच्या शेवटच्या ओळींतले आंकडे



आपल्या घरीं दरमहा येणाऱ्या मासिकाचें वेष्टन आपण फाडतां आणि टाकून देतां. त्यांत वावगें कांहींच नाहीं; वेष्टन हें फाडण्यासाठींच असतें. परंतु आज घटकाभर त्या वेष्टनाकडे पाहावें अशी माझी विनंती आहे. त्यावर आपलें नांव असतें, घराचें नांव असतें, रस्ता असतो, आणि सर्वांत शेवटीं गांवाच्या नांवापुढें सहा आंकडे असतात. ते तेथें कसे आले, आणि टपालखात्यानें अशा आंकड्यांची रीत बदलली म्हणजे हजारों पाकिटें पाठविणाऱ्या कचेऱ्यांची कशी तिरपीट उडते, हा आजच्या भाषणाचा विषय.

ही हकीकत अमेरिकेपासून सांगणें बरें. टपालखात्यानें एक नियम करावा आणि त्यासरशी देशांतल्या साऱ्या पेढ्यांचीं यंत्रें अपुरीं ठरावीं, हा प्रसंग तेथें जितका स्वच्छ दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो.

दुसऱ्या महायुद्धांत तेथील टपालघरांतले अनुभवी कारकून सैन्यांत गेले. कोणता रस्ता कोणत्या पोस्टमनच्या वांट्याचा हें ज्यांच्या जिभेवर होतें तींच माणसें निघून गेलीं आणि नव्या माणसांना शहरें पाठ नव्हतीं. म्हणून १९४३ सालीं १२४ शहरांचे विभाग पाडून त्यांना क्रमांक देण्यांत आले. ‘मिनिॲपोलिस १६’ असें लिहिलें कीं नवशिका कारकूनहि पत्र योग्य खणांत टाकूं शके. ही सोय वीस वर्षें पुरली. मात्र त्या वीस वर्षांत पत्रांची जातच पालटली. आईनें मुलाला आणि बहिणीनें भावाला लिहिलेलीं पत्रें मागें पडलीं. बँकांचे हिशेब, विजेचीं बिलें, विम्याचे हप्ते, मासिकें आणि जाहिराती यांचा पूर आला. संगणकानें हिशेब एके ठिकाणीं आणले आणि एकाच पेढींतून एकाच दिवशीं लक्षावधि पाकिटें निघूं लागलीं. १९६३ पर्यंत तेथील टपालापैकीं शेंकडा ८० भाग व्यापारी टपालाचा झाला होता.

त्या वर्षीं १ जुलै रोजीं झिप कोड सुरू झाला. पांच आंकड्यांचा हा क्रमांक. पहिला आंकडा देशाचा विभाग दाखवी, पुढचे दोन मोठें वर्गवारी-केंद्र, आणि शेवटचे दोन वांटपाचें टपालघर. जुने विभाग मोडले नाहींत, ही त्यांतली शहाणपणाची गोष्ट. मिनिॲपोलिस १६ चें ५५४१६ झालें. म्हणजे जुना क्रमांक शेपटीला राहिला आणि नवे आंकडे त्याच्या पुढें बसविले. सामान्य माणसावर त्याची सक्ति नव्हती. त्याला समजवायला ‘मिस्टर झिप’ नांवाचें धांवत्या पोस्टमनचें एक हंसरें चित्र जागोजाग लावलें होतें.

पण पेढ्यांना चित्र दाखवून काय उपयोग? त्यांची अडचण लोखंडाची होती. त्या काळीं मोठ्या कचेऱ्यांतून ॲड्रेसोग्राफ नांवाचें यंत्र असे. १८९० नंतरच्या दशकांत आयोवा राज्यांतल्या जोसेफ स्मिथ डंकन यानें तें काढलें. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नांवाची धातूची एक छोटी पट्टी, तिच्यावर उठावदार अक्षरांत पत्ता. पट्ट्यांची चळत यंत्रांत घालावी आणि दांडा दाबावा, कीं पाकिटामागून पाकिटावर पत्ता उमटत जाई. अशा पट्ट्यांनीं खणच्या खण भरलेले असत. आतां प्रत्येक पट्टीवर पांच आंकडे वाढवायचे म्हणजे पट्टी नवी ठोकायची. त्याआधीं त्या पत्त्याचा क्रमांक जाडजूड यादींतून शोधायचा. आणि एवढें करून वर्णानुक्रमानें लावलेले खण आंकड्यांच्या क्रमानें पुन्हा लावायचे! खात्याच्या एका फर्मानामागें अशा किती पट्ट्या ठोकल्या गेल्या असतील याचा विचार मनांत आला म्हणजे कानांत ठकठक होऊं लागते.

त्यांत आणखी एक पेंच निघाला. पत्त्याच्या शेवटच्या ओळींत बहुतेक यंत्रें २३ अक्षरांहून अधिक छापूं शकत नसत. लांबलचक नांवाचें शहर, त्यापुढें राज्याचें अख्खें नांव, आणि वर पांच आंकडे, हें त्या ओळींत मावेना. येथें खात्यानें यंत्रापुढें मान तुकविली, हें मला फार आवडतें. ऑक्टोबर १९६३ मध्यें प्रत्येक राज्याच्या नांवाचीं अवघीं दोन अक्षरें ठरवून देण्यांत आलीं. आज अमेरिकेंत असलेल्या मुलाला पत्र लिहितांना आपण जीं दोन अक्षरें घालतों तीं त्या २३ अक्षरांच्या ओळीचीं अपत्यें आहेत. नेब्रास्का राज्याचीं अक्षरें कॅनडाच्या न्यू ब्रन्स्विक प्रांताशीं जुळूं लागल्यामुळें १९६९ सालीं तीं पुन्हा बदलावीं लागलीं, आणि तेथल्या पेढ्यांना पट्ट्या दुसऱ्यांदा ठोकणें आलें.

तरीहि पुष्कळ पेढ्या हातावर हात ठेवून बसल्या होत्या. ऑक्टोबर १९६६ मध्यें शिकागोचें प्रचंड टपालघर तुंबलें. लक्षावधि पत्रें दिवसचे दिवस पडून राहिलीं. त्यानंतर सबब चालेना. १९६७ पासून नियतकालिकें आणि घाऊक जाहिराती पाठविणारांनीं क्रमांक घालून, त्याच क्रमानें गठ्ठे बांधून टपाल आणलें पाहिजे असा नियम झाला. टपालघरांतलें वर्गवारीचें काम अशा रीतीनें पत्र पाठविणाराच्या कचेरींत शिरलें. तें करणाराला दरांत सूट देण्याची प्रथा पहिल्या वर्गाच्या टपालापुरती १९७६ मध्यें आली. आधीं सक्ति आणि मग सूट, हा क्रम मला न्यायाचा वाटत नाहीं. पण सरकारी खात्यांचा तो स्वभावच आहे.

पुढें १९८३ त त्या पांच आंकड्यांना आणखी चार जोडले गेले, आणि रेघांची लिपि वाचणारीं यंत्रें आलीं. लोखंडी पट्टीची जागा सॉफ्टवेअरनें घेतली. आतां पेढीच्या संगणकांतील पत्ते खात्याच्या यादीशीं ताडून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला खात्याची मान्यता लागते. ती मुदतबंद असते, आणि मुदत सरण्यापूर्वीं नवी आवृत्ति बसविली नाहीं तर सवलतीचा दर हातचा जातो. गिऱ्हाइकानें घर बदललें आहे काय, हें टपाल सोडण्यापूर्वींच्या ९५ दिवसांत ताडून पाहावें लागतें. २८ जानेवारी २०१३ पासून जुनी रेघांची लिपि सवलतीसाठीं अमान्य झाली, तेव्हांहि धांवपळ तीच होती. फक्त ठकठक ऐकूं आली नाहीं.

आपल्याकडे हा बदल १५ ऑगस्ट १९७२ रोजीं आला. त्याची आंखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं केली. हे गृहस्थ कोंकणांतले, केंद्रीय दळणवळण मंत्रालयांतले वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतांत काव्यें-नाटकें रचणारे कवि. आंकड्यांचें व्याकरण एका संस्कृत पंडितानें बांधावें, यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं. वडगांव आणि नांदगांव या नांवांचीं गांवें महाराष्ट्रांतच किती निघतील. त्यांत पत्ते निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले. आंकड्याला मात्र लिपीची अडचण फारशी नाहीं. देशाचे आठ विभाग आणि नववा सैन्याच्या टपालाचा. पहिला आंकडा विभागाचा, तिसऱ्यापर्यंत वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन टपालघराचे. मुंबई-पुण्याचे जुने क्रमांक येथेंहि जपले गेले. गिरगांवचें ‘मुंबई ४’ हें ४००००४ झालें, सदाशिव पेठेचें ‘पुणें ३०’ हें ४११०३० झालें.

माझ्या परिचयाच्या एका लहानशा मासिकाचे व्यवस्थापक तेव्हांची आठवण सांगत असत. वर्गणीदारांची वही हातानें लिहिलेली, वेष्टनेंहि हातानें. मुंबई-पुण्याचीं पानें त्यांनीं आठवड्यांत उरकलीं. आंकडे पुढें जोडले कीं झालें. खेड्यापाड्यांच्या वर्गणीदारांना मात्र जोडकार्डें पाठवून क्रमांक विचारावे लागले, आणि तें काम कित्येक महिने चाललें. एका आजोबांनीं उत्तरीं लिहिलें कीं आमच्या गांवच्या पोस्टमनला आम्हीं ठाऊक आहों, क्रमांक तुम्हांला हवा असेल तर तुम्हीं शोधा. व्यवस्थापकांनीं शोधला.

तीच कचेरी मीं २०२५ सालीं पुन्हा पाहिली. त्या वर्षीं भारतीय डाक विभागानें सर्व टपालघरांत नवी संगणक-प्रणाली टप्प्याटप्प्यानें बसविली. त्यासाठीं ठिकठिकाणीं एखादा दिवस व्यवहार बंद ठेवावे लागले. पुढें रजिस्टर टपाल स्पीड पोस्टांत विलीन झालें. व्यवस्थापकांच्या टेबलावर आतां त्यांचा नातू बसतो. व्यवहार बंद असण्याचा दिवस अंक टाकण्याच्या तारखेवरच येणार हें कळतांच त्यानें अंक दोन दिवस आधीं छापून घेतला, आणि मधल्या रात्रीं वर्गणीदारांची यादी तपासायला बसला. यादींत क्रमांकाचा रकाना रिकामा असलेलीं कांहीं नांवें निघालीं. त्यांपुढें नुसतें ‘मुंबई ४’ एवढेंच होतें, आणि अंक तरीहि इतकीं वर्षें पोंचत होता. त्यानें रकान्यांत ४००००४ भरलें. ‘मुंबई ४’ खोडावें कीं काय असें त्यानें आजोबांना विचारलें. आजोबा म्हणाले, “असूं दे रे, त्याला जागा कितीशी लागते?”