ऐरणीचं पाणी



'प्रश्न ऐरणीवर आला' हे वाक्य आपण वर्तमानपत्रात आठवड्यातून दोनदा तरी वाचतो. पण प्रत्यक्ष ऐरण आपल्यापैकी कितीजणांनी जवळून पाहिली आहे? आम्ही स्वतः अडुसष्टाव्या वर्षापर्यंत तिला हात लावलेला नव्हता. लहानपणी गावच्या लोहाराच्या शाळेवर तासन्‌तास उभे राहायचो, पण बघायचो ते भात्याकडे आणि ठिणग्यांकडे. ऐरणीकडे कोण बघतो? ती काही करत नाही, नुसता मार खाते. तत्त्वज्ञान शिकवण्यात चाळीस वर्षं घालवूनही ही समजूत काही बदलली नाही. ती बदलली अमेरिकेत, एका धान्याच्या कोठारात.

आमची मुलगी पेनसिल्व्हेनियात असते. जावई संगणकातले, दिवसभर पडद्यासमोर. त्यांनी शनिवार-रविवारसाठी लोहारकामाचा छंद लावून घेतला. भट्टी घरी केली, हातोडे जमवले, आणि मग गाडी अडली ऐरणीपाशी. रेल्वेच्या रुळाचा तुकडा घेऊन काही महिने काम चालवलं, पण त्यात मन रमेना. तेव्हा एका शेतावर जुनी ऐरण विकायला आहे असं कळलं आणि आम्हीही बरोबर गेलो. आजचं व्याख्यान त्या खरेदीविषयी आहे. आणि त्यानंतर आमच्या हातून जे झालं त्याविषयीही.

आधी हे समजून घेऊ, की अमेरिकेत इतक्या जुन्या ऐरणी आल्या कुठून. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गावोगावच्या लोहारांकडे मोठ्या संख्येने इंग्लंडमधून आलेल्या ऐरणी असत. शेफील्डच्या माउसहोल कारखान्याच्या, बर्मिंगहॅमजवळच्या डडली गावातल्या पीटर राइटच्या. मागाहून अमेरिकनांनी आपल्या काढल्या. ब्रुकलिनची हे-बडन घडीव. न्यू जर्सीत ट्रेंटन गावची फिशर अँड नॉरिस बिडाची, वर पोलादी पत्रा बसवलेली. इथे एक गंमत आहे. 'ट्रेंटन' अशी अक्षरं ज्या ऐरणीवर दिसतात ती ट्रेंटन गावची नव्हे, ती ओहायोतल्या कोलंबस शहरात बनलेली. नावावर विसंबून इतिहास लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण टेबलावर लावून ठेवावं!

१९१५ च्या सुमाराला अमेरिकेत घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींच्या वर होती. प्रत्येकाला नाल हवी, प्रत्येक गाडीच्या चाकाला धाव हवी. फोर्डची मॉडेल टी मोटार १९०८ साली आली, पाठोपाठ ट्रॅक्टर आला, आणि एका पिढीत गावचा लोहार एकतर मोटारमेकॅनिक झाला किंवा उठून गेला. ऐरणी मागे राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, देशभर भंगार गोळा करण्याची मोहीम झाली, त्यात पुष्कळ वितळल्या. उरल्या त्या कोठारांच्या कोपऱ्यात, दाराला टेकण म्हणून.

मग चाक उलटं फिरलं. १९७३ मध्ये जॉर्जिया राज्यात हौशी आणि कलाकार लोहारांची संघटना स्थापन झाली. दारं, कठडे, चाकू घडवणारे पुन्हा निघाले. म्हणजे बघा, ज्या व्यवसायाचा अंत झाला त्याच्या अंतामुळेच हा छंद शक्य झाला. लोहार टिकले असते तर त्यांनी ऐरणी विकल्या नसत्या. आज आपण ज्याला जुन्या बाजारातला योग म्हणतो तो कुणाच्या तरी बंद झालेल्या दुकानाचा माल असतो. आम्ही त्या दिवशी कोठारात शिरलो तेव्हा हे डोक्यात नव्हतं. डोक्यात होतं, वजन किती आणि पैसे किती.

वजन ऐरणीच्या कुशीवर कोरलेलं होतं : १, २, १०. विकणाऱ्या बाई ऐंशीच्या घरातल्या होत्या. त्या म्हणाल्या, हा कारखान्याचा काही नंबर असेल. नंबर नव्हे, तो इंग्रजी तोल आहे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंड. दुसरा त्याच्या पाव भागाचा, २८ पौंड. तिसरा सुटे पौंड. तेव्हा ११२ अधिक ५६ अधिक १०, झाले १७८ पौंड, सुमारे ८१ किलो. पौंड म्हणजे आपल्या आजोबांचा रत्तल. मधला आकडा कधी ३ च्या वर जात नाही, शेवटचा २७ च्या वर जात नाही. गेला तर ती ऐरण इंग्रजी पद्धतीने तोललेली नाही, एवढं पक्कं समजावं. आमचे जावई हे सगळं वाचून आले होते. त्यांनी बाईंना वजन नीट समजावून सांगितलं आणि भाव पौंडावर ठरला. ते आम्हाला आवडलं.

कुशीवर पीटर राइटचं नाव आणि 'सॉलिड रॉट' ही अक्षरं होती, म्हणजे माल घडीव, बिडाचा नव्हे. देशाचं नाव मात्र दिसेना. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालायला लावलं. म्हणून आम्ही लगेच अनुमान काढलं, ही त्याच्या आधीची! जावई म्हणाले, 'बाबा, शिक्का झिजूही शकतो.' तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला संगणकवाल्याने अनुपलब्धीचा धडा द्यावा, असा तो प्रसंग.

मग परीक्षा. खिशातून त्यांनी बेअरिंगमधली पोलादी गोळी काढली, बाजूला पट्टी धरली आणि दहा इंचांवरून गोळी सोडली. ती साडेआठ इंच वर आली. पूर्ण माथ्यावर, टाचेपासून शिंगापर्यंत, जागोजाग टाकून पाहिली. सगळीकडे आठ-साडेआठ. नंतर हातोडीने हलकं ठोकलं, आणि घंटेसारखा आवाज कोठारभर घुमला. (फिशरच्या ऐरणी अशा वाजत नाहीत, त्या मुळातच मुक्या, तेवढ्यावरून त्यांना खोटं ठरवू नये.)

गोळी उसळते का? आपल्या लोहारांच्या भाषेत याला उत्तर आहे : पोलादाला पाणी दिलेलं आहे म्हणून. ऐरणीचं अंग मऊ घडीव लोखंडाचं असतं. माथ्यावर साधारण अर्धा इंच जाडीचा पोलादी पत्रा भट्टीत तापवून, घण मारून, अंगाशी एकजीव केलेला असतो. मग तो माथा लालबुंद करून त्यावर धो धो पाणी सोडायचं, की तो कडक होतो. अंग मऊ म्हणून ऐरण फुटत नाही, माथा कडक म्हणून हातोडीचा घाव परत येतो. घाव परत आला की लोहाराचा हात वाचतो. हातोडी उचलायचं निम्मं काम ऐरण करते. आम्ही म्हणालो ना, ती काही करत नाही, नुसता मार खाते? चूक. आणि कोठाराला आग लागून अशी ऐरण भाजली, तर बाहेरून जशीच्या तशी दिसते, पण तिचं पाणी उतरलेलं असतं. गोळी टाकली की थप्पकन बसते.

इथे आम्हाला स्पिनोझा आठवला. बुद्धीच्या शुद्धीकरणावरचा त्याचा अपुरा ग्रंथ १६७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यात तो विचारतो : लोखंड घडवायला हातोडी हवी, ती हातोडी घडवायला दुसरी हातोडी हवी, तिला तिसरी, मग माणसाला लोखंड घडवणं कधीच जमलं नसतं असं म्हणायचं का? त्याचं उत्तर, माणसाने जन्मजात साधनांनी आधी सोप्या गोष्टी ओबडधोबड केल्या, आणि त्यांच्या आधाराने पुढच्या. वर्गात आम्ही हे दरवर्षी शिकवलं, फळ्यावर हातोडीचं चित्रसुद्धा काढलं. पण ऐरण कुठल्या ऐरणीवर घडवली, हा प्रश्न सुचला नाही. माउसहोलचा कारखाना नदीकाठी होता. पाण्याच्या चाकावर चालणारे मोठे घण तिथे होते. ऐरणीच्या अंगाला, शिंगाखाली आणि टाचेखाली, चौकोनी भोकं दिसतात. तापलेलं ते धूड उचलायला, फिरवायला त्यांत लोखंडी पहारी घालत. ती भोकं म्हणजे ऐरण कधीतरी स्वतःच घणाखाली होती याची खूण.

आपल्याकडच्या ऐरणीला शिंग क्वचित. आपला लोहार उकिडवा किंवा मांडी घालून बसतो, त्याची ऐरण म्हणजे लाकडात रोवलेला पोलादी ठोकळा. गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्यांची तर बरोबर नेता येईल एवढीच. तिकडचा लोहार उभा राहतो, घोड्याची नाल शिंगावर वळवतो. बैठक बदलली की हत्यार बदलतं. याच्यावर वेगळं व्याख्यान होईल, आत्ता नको.

तर, त्या ऐरणीला एकच खोट होती. माथा मध्ये खोलगट झाला होता, पाव इंचाहून थोडा जास्त. शंभर वर्षांच्या घावांनी खालचं मऊ लोखंड दबलं होतं आणि त्याच्याबरोबर पत्राही बसला होता. बाई म्हणाल्या, माझे सासरे त्या खळग्यातच सळया सरळ करायचे. आम्ही मान डोलावली. ऐकलं मात्र नाही.

घरी आणल्यावर जावई म्हणाले, राहू दे तसंच. सपाट करून घ्या हा आग्रह आमचा. आमच्या मनात प्लेटो बसलेला. माथा म्हटला की तो सपाटच असायला हवा. मापनाचं साधन आधी निर्दोष पाहिजे, वगैरे बरंच बोललो. सासऱ्याचा शब्द मोडवेना म्हणून त्यांनी ऐरण एका मशीनशॉपमध्ये नेली. माथा आरशासारखा होऊन आला. कडेला पोलाद आणि लोखंड यांच्या जोडाची रेघ होती, ती टाचेकडे आता अगदी वर, माथ्याजवळ दिसायला लागली होती. जावयांनी काही न बोलता खिशातून गोळी काढली. मध्यावर ती पूर्वीसारखीच आठ इंच उसळली. टाचेकडे, चार. शिंगाच्या बाजूला, जेमतेम पाच.

हिशेब सोपा होता. मध्याचा खळगा ही सर्वात खालची पातळी. तिथपर्यंत सगळं आणायचं म्हणजे दोन्ही टोकांचं पोलाद काढायचं. अर्ध्या इंचातलं निम्म्याहून जास्त गेलं, आणि गेलं तेही वरचं, सर्वात कडक. ज्याच्यासाठी पैसे मोजले होते ते पाणी आम्ही किसाच्या रूपात दुकानाच्या फरशीवर सोडून आलो. दुकानदाराची चूक नव्हती, त्याला सपाट करायला सांगितलं होतं, त्याने सपाट केलं. स्पिनोझा पोटासाठी भिंगं घासायचा. किती घासायचं हे त्याला कळत असणार.

आणि बाईंचं बोलणं आम्हाला तेव्हा कळलं, जेव्हा जावई एक वाकलेली सळई त्या सपाट माथ्यावर सरळ करायला बसले. सळईला थोडा ताण असतो, ठोकली की ती सरळ होते आणि पुन्हा किंचित उठते. सरळ व्हायला तिला सरळपणाच्या जरा पलीकडे वाकवावं लागतं. सपाट माथ्यावर पलीकडे जायला जागाच नाही. खळग्यात होती. बाईंच्या सासऱ्यांनी ती खोट सांभाळून ठेवली होती.

नवा पत्रा जोडता येतो, वेल्डिंगचे थर देता येतात. पण त्या उष्णतेने शेजारचं पाणीही उतरण्याचा धोका असतो. जावयांनी पुन्हा हात लावू दिला नाही. ते आता मध्यावरच काम करतात. सळई सरळ करायची असली की बाजूच्या लाकडी ओंडक्यातल्या खळग्यावर ठेवून ठोकतात. तो खळगा आम्हीच कोरून दिला. तीन दुपारी लागल्या.