कर्नल शॉ आणि त्याची पलटण

लढाईच्या गोष्टी वाचाव्यात असे मला पूर्वी कधी वाटले नव्हते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण धाकटीचा अभ्यास घेताना समजले, की महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. ते लोक कोण, हे शोधू लागले आणि कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ याची हकीकत हाती लागली.

अमेरिकेत 1861 ते 1865 उत्तर व दक्षिण प्रांतांत यादवी युद्ध झाले. त्याच्या मुळाशी गुलामगिरीच होती. शॉ हा बोस्टनच्या श्रीमंत घरातला मुलगा. युद्ध पेटताच तो 23व्या वर्षी स्वखुशीने सैन्यात शिरला.

1863 साली मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरने कृष्णवर्णीय शिपायांची 54वी पलटण उभी केली. तिचे नेतृत्व करण्याविषयीचे पत्र घेऊन शॉचे वडील स्वतः छावणीत गेले. शॉने आधी नकार दिला, मग मन बदलले. अशा पलटणीचा गोरा अधिकारी दक्षिणेच्या हाती लागला तर देहदंडाचीही भीती होती. तरी त्याच्या आईला आनंदच झाला. आपल्यापैकी किती जणींना असे जमेल?

2 मे रोजी त्याचे ॲनीशी लग्न झाले आणि 28 मे रोजी पलटण निघाली.

शिपायांना महिना 13 डॉलर कबूल केले होते. हातावर 10 ठेवले, त्यातूनही कपड्यांचे 3 कापायचे. पंगत एक आणि पानात वाढणे वेगळे! शिपायांनी तो पगार घेतलाच नाही. पलटणीला पुरा पगार द्या, नाहीतर ती मोडा, असे शॉने गव्हर्नरला कळवले.

18 जुलैला चार्ल्सटन बंदराजवळच्या फोर्ट वॅग्नरवर सुमारे 600 शिपाई चालून गेले. शॉ सर्वांच्या पुढे होता. तटावर चढताच गोळी लागून तो पडला. वय अवघे 25. पलटणीतले अडीचशेहून अधिक शिपाई मेले, जखमी झाले किंवा सापडले नाहीत. सार्जंट विल्यम कार्नी याने जखमा सोसूनही निशाण सांभाळले.

अपमान करावा म्हणून शत्रूने शॉला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खंदकात पुरले. पुढे प्रेत काढून आणण्याचा विचार निघाला, तेव्हा वडिलांनीच मना केले. आपल्या शूर शिपायांमध्ये तो आहे, याहून चांगली जागा नाही, असे त्यांचे म्हणणे. ॲनीने पुन्हा लग्न केले नाही.

1864 साली समान पगाराचा कायदा झाला. पण त्याआधीच तो खंदक समान झाला होता. मंडळाच्या पंगतीत वाढताना मला त्याची आठवण होते आणि शेवटच्या पानापर्यंत हात सारखा राहतो ना, हे मी पाहते.